वाचक विचारतात : डिस्चार्ज कार्डावरच्या तेरा गोळ्या

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. घरातलं वडीलधारं माणूस एका दुखण्यासाठी अ‍ॅडमिट झालं आणि दुसरंच काहीतरी घेऊन घरी आलं. कुणाला भ्रम झाला, कुणाचे हात थरथरायला लागले, कुणाची साखर कोसळली. घरच्यांना उत्तर मिळालं, 'आता वय झालंय.' आमचं मत वेगळं आहे. सत्तरीनंतर कुठलंही नवं लक्षण दिसलं की आधी औषधांची यादी काढावी, वयाचा विचार त्यानंतर करावा.

पत्रांतली ब्रँडची नावं काढून आम्ही मूळ नावं लिहिली आहेत. स्ट्रिपवर ब्रँडसोबत मूळ नावही छापलेलं असतं, त्यावरून जुळवून बघा.

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या रात्री मात्र त्या बरळायला लागल्या. चादर चिमटीत धरून ओढत राहिल्या, सलाईनची सुई उपटली. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, तर दुसरा दिवस सगळा झोपेत गेला. गेली दहा-बारा वर्षं त्या घरी रोज रात्री अल्प्राझोलॅम ०.५ ही झोपेची गोळी घेतात, ते दाखल करताना सांगायचं राहून गेलं. हा डिमेन्शिया आहे का? (कोथरूड)

उत्तर : एवढ्यावरून डिमेन्शिया म्हणता येणार नाही. याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे अचानक आलेला भ्रम. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत हळूहळू चढतो. डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, सकाळी बरा वाटतो आणि दिवे लागले की वाढतो. यात सगळ्यात आधी लक्ष टिकणं जातं. घरच्या घरी पारखायचं तर त्यांना शनिवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. 'शनिवार, शुक्रवार' म्हणून मध्येच भलतीकडे वळल्या किंवा प्रश्नच विसरल्या, तर ते डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. बारा वर्षं रोज घेतलेलं अल्प्राझोलॅम एकदम बंद झालं की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अस्वस्थपणा, थरथर, घाम, भास सुरू होतात, कधी फिटही येते. तिसरी रात्र या हिशेबात नेमकी बसते. हे आजही डॉक्टरांना सांगा. एरवी डिलिरियममध्ये या जातीचं झोपेचं औषध भ्रम लांबवतं, म्हणून टाळतात. पण रोजची गोळी अचानक बंद पडल्यामुळे भ्रम झाला असेल, तर तेच औषध मोजून पुन्हा सुरू करावं लागतं आणि नंतर सावकाश कमी करावं लागतं. म्हणूनच त्या रात्री कोणतं इंजेक्शन दिलं, हेही विचारून घ्या.

दुसरं, वॉर्डातला औषधांचा चार्ट बघायला मागा. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, मळमळीसाठी प्रोमेथाझिन, रक्त चढवताना रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून फेनिरामिन यांपैकी काही आहे का ते बघा. प्रोमेथाझिन आणि फेनिरामिन मेंदूतल्या असिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवतात. लक्ष आणि स्मृती त्यावरच चालते. आतडं आणि मूत्राशयाची हालचालही त्यावर अवलंबून असते, म्हणून या औषधांनी शौचाला होत नाही, लघवी तुंबते, आणि या दोन्ही गोष्टी भ्रमात पुन्हा भर घालतात. ट्रॅमाडॉलने भ्रम होऊ शकतोच, शिवाय रक्तातलं सोडियमही उतरू शकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी अशा : सोडियम किती आहे, शेवटची शौचाला कधी झाली, ओटीपोटात लघवी साचली आहे का, लघवीची नळी अजून का ठेवली आहे, आणि दुखणं पॅरासिटामॉलवर भागेल का. पॅरासिटामॉल वेळेवर, दुखायची वाट न बघता दिलं तर बऱ्याच जणांचं भागतं. दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत ठेवावं, वजन ५० किलोच्या खाली असेल तर २ ग्रॅमच्या आत. दुखणं तसंच राहू देणं मात्र चूक, कारण न शमलेल्या दुखण्यानेही भ्रम होतो.

घरच्यांच्या हातात बरंच असतं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी लगेच आणून द्या. दिवसा पडदे उघडे ठेवा. रात्री ओळखीचं एकच माणूस सोबत असू द्या, दर चार तासांनी नवा चेहरा नको. त्या 'भिंतीवर माणसं आहेत' म्हणाल्या तर वाद घालू नका, हात धरून आपण कुठे आहोत ते शांतपणे सांगा. हात बांधू देऊ नका. स्वतःला किंवा इतरांना इजा होईल अशी वेळ आलीच, तर हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम इतक्याच मात्रेपासून सुरुवात करतात. पार्किन्सनच्या रुग्णाला तेही देत नाहीत. काही आजी-आजोबा याच आजारात गप्प पडून राहतात, जेवण नाकारतात, आणि 'किती शांत आहेत' म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. त्यांना धोका जास्त असतो.

भ्रम पूर्ण ओसरायला कधी कधी काही आठवडे लागतात. स्मृतीची चाचणी रुग्णालयात करू नका, तीन महिन्यांनी करा.

प्रश्न : माझं वय ७४. दीड वर्षापूर्वी चक्कर आल्यामुळे दोन दिवस रुग्णालयात होतो. घरी सोडताना सिनारिझिन दिलं, ते चालूच आहे. गॅससाठी रॅबेप्राझोल-लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल घेतो. सहा महिन्यांपासून हात थरथरतो, चाल मंदावली. पार्किन्सन म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू झालं. मग बद्धकोष्ठ झालं, लघवीला जोर करावा लागू लागला, म्हणून टॅम्सुलोसिन आलं. आता उठताना पुन्हा चक्कर येते. सिनारिझिन दिवसातून तीनदा करू का? (सदाशिव पेठ)

उत्तर : करू नका. तुमचं पत्र पुन्हा एकदा औषधांच्या क्रमाने वाचा, म्हणजे साखळी दिसेल. सिनारिझिन आणि लेव्होसल्पिराइड ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवतात. म्हातारपणी ती महिनोन्‌महिने घेतली की पार्किन्सनसारखाच कंप, ताठरपणा, बारीक पावलं दिसायला लागतात. त्या कंपासाठी आलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने शौच आणि लघवी अडवली. त्यासाठी आलेल्या टॅम्सुलोसिनने उभं राहताना बीपी उतरतं, म्हणून चक्कर. आणि त्या चक्करेसाठी तुम्ही पुन्हा पहिल्याच औषधाकडे निघाला आहात. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देण्याचा हा प्रकार इतका नेहमीचा आहे, की ज्येष्ठांच्या प्रत्येक नव्या चिठ्ठीआधी 'हे कुठल्या गोळीमुळे तर नाही?' असं विचारायलाच हवं.

सोडवायचं मात्र क्रमाने, आणि न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियनच्या देखरेखीखाली. सिनारिझिन आणि लेव्होसल्पिराइड आधी थांबवतात. ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम तोडत नाहीत, काही आठवड्यांत उतरवतात. लघवी सुधारली की टॅम्सुलोसिनची गरज पुन्हा तपासतात. (मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल, तर टॅम्सुलोसिन घेतो किंवा घेत होतो हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधाने बुबुळ सैल पडतं आणि सर्जनला तयारी वेगळी करावी लागते.) कंप जायला काही आठवडे ते काही महिने लागतात. सहा महिन्यांनंतरही राहिला, तर मूळचा पार्किन्सन आत असेल असं धरून पुढचा विचार होतो.

चक्करेचं मूळही शोधायला हवं. कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल, तर कानातल्या कणांची चक्कर असते. कानाचे डॉक्टर डोकं ठराविक पद्धतीने फिरवून ती घालवतात, गोळी लागत नाही. उभं राहताना येत असेल तर बीपी असं मोजा : पाच मिनिटं आडवं पडून एकदा, उभं राहून एका मिनिटाने, मग तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ते कारण सापडलं. मोजताना कुणीतरी शेजारी उभं असू द्या.

असा दुष्परिणाम कळवायला रुग्णालाही मुभा आहे. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे. न्यूमोनिया होऊन नऊ दिवस रुग्णालयात होते, त्यांपैकी तीन दिवस आयसीयूत. डिस्चार्ज कार्डावर तेरा औषधं आहेत, घरची पाच वेगळी. नक्की काय द्यायचं? (सिंहगड रस्ता)

उत्तर : तुम्ही कार्डाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलं. त्यात तीन गोष्टी लगेच दिसतात.

पहिली : घरी टेल्मिसार्टन ४० चालू होतं आणि कार्डावर टेल्मिसार्टन ४० अधिक अ‍ॅम्लोडिपिन ५ ची जोडगोळी आहे. दोन्ही दिल्या तर टेल्मिसार्टन ८० होतं. बीपी पडेल, पोटॅशियम चढेल. जोडगोळी घरच्या गोळीच्या जागी आहे की तिच्या जोडीला, हे आजच फोनवर विचारा. दुसरी : सकाळी पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोन आणि रात्री नुसतं पॅन्टोप्राझोल, म्हणजे एकच औषध दोन नावांनी. डोम्पेरिडोन साठीनंतर हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. मळमळ असेल तेवढेच दिवस, फार तर आठवडाभर ते द्यावं. तिसरी : रात्रीचं क्वेटियापिन २५, हे मानसिक आजारांचं औषध. बाबांना झोपेचा किंवा मानसिक आजार आधी नव्हता, असं तुम्ही लिहिलं आहे. बहुधा ते आयसीयूतल्या भ्रमासाठी सुरू झालं आणि थांबवायची तारीख न लिहिता कार्डावर उतरलं. भ्रम गेला असेल, तर ते बंद कधी करायचं हे पहिल्याच फॉलो-अपला ठरवून घ्या. आयसीयूतली औषधं अशी घरापर्यंत येतात आणि मग वर्षभर कुणी त्यांना हात लावत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

आता कागद आडवा धरून चार रकाने आखा : औषधाचं मूळ नाव आणि मात्रा, कशासाठी, कधीपासून आणि कुणी दिलं, कधी थांबवायचं. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, चूर्णं, खोकल्याचं औषध, डोळ्यांचे थेंबसुद्धा एका पिशवीत घेऊन एकेक उतरवा. थेंब कशाला, असं वाटेल. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब नाडी मंद करतात, आणि सोबत मेटोप्रोलॉल ही नाडी मंद करणारी बीपीची गोळी असेल तर माणूस चक्कर येऊन पडतो. दुसरा रकाना ज्या औषधापुढे कोरा राहील, त्याची चौकशी आधी करायची.

पॅन्टोप्राझोलबद्दल थोडं. साध्या पित्तासाठी ते आठ आठवड्यांपलीकडे लागत नाही. वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होतं, हाडं मोडण्याचा आणि आतड्याच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बंद केल्यावर काही दिवस आम्ल जास्त सुटून छातीत जळजळतं, तेव्हा 'बघा, गोळी लागतेच' असं समजून लोक पुन्हा सुरू करतात. पण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सोबत चालू असेल, किंवा अल्सरमधून पूर्वी रक्त गेलं असेल, तर ही गोळी पोटाचं रक्षण करत असते. ती स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : आईचं वय ८०, वजन ४५ किलो. क्रिएटिनिन १.० आलं, लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल. तरी डॉक्टरांनी गुडघ्याची डायक्लोफेनॅक बंद केली आणि 'किडनी कमी आहे' म्हणून अँटिबायोटिकचा डोस घटवला. ती बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि पायाच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड घेते. (हडपसर)

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आईंचे स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिनही कमी तयार होतं, आणि किडनी मंदावली तरी आकडा चांगला दिसतो. औषधाचा डोस ठरवण्यासाठी असा हिशेब करतात : १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा, स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. इथे ६० गुणिले ४५ म्हणजे २७००, भागिले ७२ म्हणजे ३७.५, आणि ०.८५ ने गुणून सुमारे ३२. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते याचा हा अंदाज. तो ५० च्या खाली गेला की लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकचा डोस कमी करावाच लागतो. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनसाठी तर ६० च्या खालीच. नाहीतर औषध अंगात साचतं आणि माणूस गुंगीत पडून राहतो.

डायक्लोफेनॅक बंद करण्याचं कारण जास्त गंभीर आहे. किडनीच्या चाळणीत रक्त आणणारी वाट प्रोस्टाग्लँडिन हे रसायन उघडी ठेवतं, आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी नेमकं तेच रसायन अडवते. बाहेर नेणारी वाट टेल्मिसार्टन सैल करतं. फ्युरोसेमाइड अंगातलं पाणीच कमी करतं. तिन्ही एकत्र आली की चाळणीतला दाब कोसळतो, आणि त्यातच जुलाब-उलट्या झाल्या की एक-दोन दिवसांत किडनी बसते. अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक सगळी याच जातीची, 'साध्या' अंगदुखीच्या गोळीतसुद्धा असतात. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चालतं, रक्तात फार थोडं उतरतं. आणखी एक : घोट्याची सूज अ‍ॅम्लोडिपिननेही येते. आई ते घेत असतील, तर फ्युरोसेमाइडची गरजच आहे का, हे विचारा.

प्रश्न : आजोबा ८४. सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलं होतं, सकाळची साखरेची गोळी (ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन) दिली गेली. दुपारी घामाघूम, साखर ४८. सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले, रात्री पुन्हा ५६. दुसऱ्यांदा का? (औंध)

उत्तर : कारण ग्लुकोज तासाभरात संपतं आणि ग्लिमेपिराइड दिवसभर काम करतं, किडनी मंद असेल तर त्याहूनही जास्त. पोटात अन्न असो-नसो, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवत राहतं. म्हणून अशा रुग्णाची साखर पुढचे किमान २४ तास वारंवार बघावी लागते. ग्लिबेनक्लामाइड याहून लांबतं, ज्येष्ठांना ते देऊच नये. ही जोडगोळी 'साखरेची एक गोळी' म्हणून ओळखली जाते, त्यामुळे आत दोन औषधं आहेत हे लक्षात राहत नाही. उपाशी ठेवणार असतील त्या सकाळी सिस्टरना विचारा : आजची गोळी द्यायची का? आणि ८४ व्या वर्षी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ वर आणायचा अट्टहास नको. इतर आजार असलेल्या ज्येष्ठाला ८ च्या आसपास पुरतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलाने 'बिअर्स यादी' पाठवली आणि आईची त्यातली चार औषधं बंद करायला सांगितलं. डॉक्टरांना दाखवली तर ते नाराज झाले. (कर्वेनगर)

उत्तर : मुलाची काळजी खरी आहे, पण यादी अशी वापरायची नसते. डॉ. मार्क बिअर्स आणि सहकाऱ्यांनी ती १९९१ मध्ये वृद्धनिवासातल्या रुग्णांसाठी केली. पुढे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने ती हाती घेतली, त्यांची अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे. ६५ वर्षांवरच्यांना जी औषधं संभवतः अयोग्य, त्यांची ती यादी. 'संभवतः' हा शब्द महत्त्वाचा. यादीतलं औषध एखाद्याला गरजेचं असू शकतं. फिट येणाऱ्याचं क्लोनाझेपाम कुणी बंद करणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, लेव्होसल्पिराइड ही औषधं अमेरिकेत विकलीच जात नाहीत, त्यामुळे तिथल्या यादीत नाव नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाहीत. आयर्लंडमध्ये २००८ साली तयार झालेली 'स्टॉप-स्टार्ट' पद्धत आम्हाला जास्त उपयोगी वाटते. तिच्यात काय थांबवावं याबरोबर काय द्यायचं राहून गेलंय तेही असतं, उदाहरणार्थ हाड मोडून आलेल्या रुग्णाला हाडं बळकट करणारं औषध.

डॉक्टरांपुढे यादी ठेवू नका. वर सांगितलेला चार रकान्यांचा कागद ठेवा आणि म्हणा, 'डॉक्टर, आई गेल्या महिन्यात दोनदा पडली. यातल्या कुठल्या गोळीने तोल जात असेल का?' एका भेटीत एकाच औषधाबद्दल बोला. बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या), बीपीचं क्लोनिडिन, स्टिरॉइड, फिटची औषधं, पार्किन्सनचं लेव्होडोपा आणि झोपेच्या गोळ्या घरी कधीच एकदम बंद करू नका.

प्रश्न : मग झोपेची गोळी सोडायची कशी? मी ७०, अल्प्राझोलॅम ०.५ रोज, आठ वर्षं. (धायरी)

उत्तर : सोडावीशी वाटली, हीच मोठी गोष्ट. कॅनडातल्या एका चाचणीत (२०१४) अशा ज्येष्ठांना गोळी का आणि कशी सोडावी याची नुसती पुस्तिका दिली, तर सहा महिन्यांनी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांची.

डॉक्टरांकडून ०.२५ च्या गोळ्या लिहून घ्या. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये येतं, चिठ्ठीशिवाय केमिस्टने देऊ नये. आता दोन गोळ्या चालू आहेत असं धरा. आधी दीड, मग एक, मग अर्धी, मग बंद. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे, आठ वर्षांची सवय आहे तेव्हा चार आठवडे घेतलेत तरी हरकत नाही. शेवटची अर्धी सगळ्यात अवघड जाते, तिथे घाई करू नका. सावकाश सुटणारी गोळी असेल तर ती तोडायची नसते, म्हणून स्ट्रिपवर 'एसआर' किंवा 'एक्सआर' आहे का ते बघा. या काळात दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतर चहा नको, आणि झोप आली नाही तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठा. कमी केल्यावर तीन-चार रात्री झोप उडेल, ते अपेक्षित आहे. हात थरथरले, खूप घाम आला किंवा भास झाले, तर त्याच दिवशी आधीच्या पायरीवर परत जा आणि डॉक्टरांना फोन करा.